गांधीलमाशीचा दंश आणि आमचें अज्ञान

मागील महिन्यांत आमच्या मंडळाच्या एका जुन्या सभासदांच्या घरीं समाचारास जाण्याचा दुःखद प्रसंग आम्हांवर आला. गृहस्थ पन्नाशीच्या आंतले, अंगानें धडधाकट, कांद्याच्या बियाण्याचे चोख उत्पादक म्हणून पंचक्रोशींत नांव मिळविलेले. सकाळीं विहिरीवर मोटर सुरू करावयास गेले. स्टार्टरच्या पेटींत गांधीलमाश्यांनीं घर केलें होतें. झांकण उघडतांच एक माशी मानेस डसली. एकच. ती त्यांनीं हातानें झटकली, मोटर सुरू केली व बांधावर येऊन बसले. पुढें जें झालें तें त्यांच्या धाकट्या बंधूंनीं आम्हांस सांगितलें. घरच्या मंडळींच्या संमतीनें, नांवगांव वगळून, तें आम्ही येथें देत आहों. कारण तशी वेळ आमच्या कोणत्याही वाचकाच्या मळ्यावर येऊं शकेल.

पांच-सात मिनिटांत त्यांच्या हातापायांचे तळवे खाजूं लागले. मग पित्त उठतें तशा गांधी छातीवर व पोटावर उठल्या. ओंठ जड झाले. घशांत कांहींतरी अडकलें आहे असें ते म्हणूं लागले, तेव्हां त्यांचा आवाज घोगरा झाला होता. पोटांत कळ येऊन एक उलटी झाली. घरच्यांनीं दंशाच्या जागीं चुना लावला, लोखंड चोळलें, अंगास आमसुलाचें पाणी लावलें, आणि घरांत असलेली खाजेची एक गोळी पाण्याबरोबर दिली. खाटेवर आडवे झाल्यावर त्यांस थोडें बरें वाटलें. त्या बऱ्या वाटण्यानेंच सर्वांस फसविलें. आतां उतार पडत आहे असें समजून पाव तास गेला. पुन्हां धाप लागली तेव्हां गडबड उडाली. मोटारसायकल काढण्यांत आली. पुढें एक, मागें एक आणि मध्यें रोगी, अशा रीतीनें त्यांस ताठ बसवून मंडळी तालुक्याच्या गांवीं निघाली. अंतर अवघें ९ किलोमीटर. अर्ध्या वाटेवर त्यांची मान मागच्याच्या खांद्यावर पडली. रुग्णालयांत पोंचले तेव्हां करण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं गांवांतील तरुणांनीं रागाच्या भरांत ओढ्याकांठच्या वडावरचें आग्या मोहोळ जाळून टाकलें. डसली गांधील आणि जळाल्या मधमाश्या! ज्या माश्यांच्या येण्याजाण्यावर त्याच शिवारांतील कांद्याच्या गोंड्यांत बीं भरावयाचें, त्यांचीच राख झाली. पण हा विषय आम्ही येथेंच सोडतों.

समाचाराच्या बैठकींत, असतें तशी, नाना प्रकारची चर्चा चालली होती. कोणी म्हणाले काळच आला होता. कोणी म्हणाले ती माशी भारी विषारी जातीची असावी. त्यांत मृताच्या वृद्ध वडिलांनीं एक प्रश्न केला, तो मात्र आमच्या मनांत घर करून राहिला. ते म्हणाले, "गेल्या सालीं ह्याला दोन चावल्या होत्या. अंगभर गांधी उठल्या, तासभर घेरी आली, आणि आपोआप उतरलें. दोन चावून कांहीं झालें नाहीं, मग ह्या वेळीं एकीनें कसें झालें?"

आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, हा मृत्यु विषानें झाला नाहीं. एका गांधीलमाशीच्या नांगींत धडधाकट माणूस मारण्याइतकें विष नसतें. मोहोळ उठून शेंकडों माश्या डसल्या तर विषाच्या भारानेंच माणूस दगावूं शकतो, मूत्रपिंडें बिघडूं शकतात, व अशा माणसास, तो बरा दिसत असला तरी, रुग्णालयांतच ठेविलें पाहिजे. परंतु तो प्रकार निराळा. एका दंशानें जो पांच मिनिटांत पडतो त्यास मारणारें विष बाहेरचें नसून त्याच्या स्वतःच्या शरीराचा प्रक्षोभ होय. आपण ज्यास 'वावडें' म्हणतों त्याचेंच हें अत्यंत उग्र रूप. वैद्यकांत त्यास ॲनाफिलॅक्सिस असें नांव आहे.

हें नांव कसें पडलें हें सांगितल्यानें वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर आपोआप मिळेल. १९०१ सालीं मोनॅको संस्थानचा राजा पहिला आल्बर्ट याच्या जहाजावर शार्ल रिशे व पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रांतील एका डंख मारणाऱ्या प्राण्याच्या विषाचा अभ्यास करीत होते. फ्रान्सांत परतल्यावर समुद्रफुलाच्या, म्हणजे ॲनिमोन नामक प्राण्याच्या, विषावर त्यांनीं तोच प्रयोग कुत्र्यांवर चालविला. थोडें थोडें विष टोचून कुत्र्याच्या अंगीं त्याची संवय आणावी असा त्यांचा हेतु होता. नेपच्यून नांवाच्या कुत्र्यानें पहिली मात्रा सहज सोसली. सुमारें तीन आठवड्यांनीं त्यास पुन्हां अल्पशी मात्रा दिली, तेव्हां तो तत्काळ धापा टाकूं लागला, त्यास उलट्या झाल्या आणि अर्ध्या तासाच्या आंत तो मेला. संवय होण्याऐवजीं उलटाच परिणाम झाला! रक्षणाच्या उलट, या अर्थानें रिशे यांनीं १९०२ सालीं हा शब्द बनविला, व या शोधाबद्दल १९१३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

तात्पर्य, पहिल्या दंशाच्या वेळीं शरीर शत्रूची ओळख मनांत धरून ठेवितें; पुढच्या दंशाच्या वेळीं त्याचा राखणदार चोरास हांकलण्याच्या नादांत घरच पेटवून देतो. म्हणून मागच्या खेपेस 'कांहीं झालें नाहीं' हें वडिलांचें म्हणणें बरोबर नव्हतें. मागच्या खेपेस झालें होतें, आणि तें धोक्याची घंटा वाजवून गेलें होतें. अंगभर गांधी व घेरी ही सूचना ज्यास एकदां मिळाली त्यानें त्याच आठवड्यांत जाणत्या डॉक्टरांकडे जावयास पाहिजे होतें. आमच्यांत कोणी जात नाहीं. बैलाच्या खुरास किंचित् सूज आली तर आम्ही पशुवैद्यास फोन करितों. स्वतःस घेरी आली तर पाणी पिऊन बसतों.

शरीराच्या आंत काय होतें तें बागाईतदारास समजावयास कठीण नाहीं. रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात व जागोजाग पाझरूं लागतात. पाटाचे बांध दहा ठिकाणीं फुटले म्हणजे विहिरीस पाणी असूनही टोंकाचा वाफा कोरडा राहतो, तद्वत् अंगांत रक्त असूनही मेंदूस व खुद्द हृदयास तें पुरत नाहीं. त्याच वेळीं घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात. हें सर्व किती वेगानें घडतें हें कळावें म्हणून एकच आंकडा देतों. इंग्लंडांत अशा मृत्यूंची तपासणी करून डॉ. रिचर्ड पम्फ्री यांनीं २००० सालीं जो लेख प्रसिद्ध केला, त्यांत दंशापासून हृदय अथवा श्वास बंद पडेपर्यंतचा मध्यम काळ १५ मिनिटें भरला. अन्नाच्या बाबतींत ३० मिनिटें, आणि सुईवाटे दिलेल्या औषधाच्या बाबतींत अवघीं ५ मिनिटें. आमच्या सभासद बंधूंचा पाव तास खाटेवरच गेला होता हें वाचकांनीं येथें आठवावें.

आतां हें संकट ओळखावें कसें? ज्या ठिकाणीं दंश झाला तेथेंच सूज, आग व ठणका असेल, मग ती सूज सबंध हातभर पसरून तीन दिवस राहिली तरी, तो हा प्रकार नव्हे. तेथें थंड पाणी, विश्रांति व साधें औषध पुरे. (तोंडांत किंवा घशांत दंश झाला तर मात्र नुसत्या सुजेनेंही श्वास कोंडूं शकतो, उघड्या तांब्यांतून न पाहतां पाणी पिणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.) परंतु दंश मानेस आणि खाज तळव्यांस, दंश पायास आणि सूज ओंठांस, असें दूरचें अंग बोलूं लागलें कीं सावध व्हावें. कातडीवरील गांधींच्या जोडीस आवाज बसणें, घसा दाटणें, धाप, छातींत शीळ वाजणें, वारंवार उलट्या, पोटांत मुरडा, भोवळ, दरदरून घाम, यांपैकीं एक जरी लक्षण आलें तरी निदान झालें असें समजावें. डॉक्टर नांव देईपर्यंत थांबूं नये. कांहीं रोग्यांच्या अंगावर गांधी उठतच नाहींत, ते एकदम घेरी येऊनच पडतात. मनुष्य घाबरा होऊन "आतां मी वांचत नाहीं" असें बोलूं लागतो, त्यास भित्रा म्हणून हंसूं नये. पुष्कळदां त्याचें म्हणणें खरें असतें.

यावर औषध एकच आहे, आणि तें म्हणजे ॲड्रेनलीन. आमच्या या लेखाचें सर्व प्रयोजन या एका वाक्यांत आहे. खाजेच्या गोळ्या व तशाच सुया खाज शमवितात. घशाची सूज उतरविणें अथवा पडलेला रक्तदाब वर आणणें त्यांच्या हातून होत नाहीं. स्टेरॉइड जातीचीं औषधें काम करावयास कांहीं तास घेतात, आणि रोग्यापाशीं तितके तास नसतात. हीं औषधें मागाहून द्यावयास हरकत नाहीं. पण आधीं तीं देऊन वाट पाहत बसणें म्हणजे फुटलेल्या बांधापाशीं उभें राहून पाऊस थांबण्याची प्रार्थना करणें होय. ॲड्रेनलीन सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतें, घशाची सूज उतरवितें, श्वासनलिका मोकळ्या करितें व हृदयास जोर देतें. जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञानें अमेरिकेंत हें द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें तेंही १९०१ च्याच सुमारास; म्हणजे रोगास नांव मिळालें त्याच वेळीं औषधही हातीं आलें होतें.

तें मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूंत टोचावयाचें असतें; दंडांत नव्हे, कातडीखालीं नव्हे. एक मिलिलिटरच्या काचेच्या कुपींत एक मिलिग्रॅम औषध असतें, व प्रौढ मनुष्यास त्यांतील अर्धी कुपी देतात; मुलांस वजनाच्या मानानें कमी. उतार न पडल्यास पांच ते पंधरा मिनिटांनीं तीच मात्रा पुन्हां देतात. हे आंकडे वाचकांनीं वाचून स्वतः सुई धरावी म्हणून आम्हीं दिलेले नाहींत. रोगी घेऊन गेल्यावर "ॲड्रेनलीन दिलें काय?" असें धिटाईनें विचारतां यावें म्हणून दिले आहेत. आमचा माणूस दवाखान्यांत शेतांतल्यासारखा बोलत नाहीं. तेथें त्याची जीभ टाळूस चिकटते. या एका प्रसंगीं तरी ती चिकटूं नये.

औषध येईपर्यंत, किंवा औषधापर्यंत पोंचेपर्यंत, घरच्यांनीं करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांतील एक अत्यंत महत्त्वाची आहे व तीच आमच्या खेड्यांत नेमकी उलट केली जाते. रोग्यास आडवें निजवावें व पाय उशीवर किंवा पोत्यावर उंच करावे. धाप फार असेल तर पाठीस टेंका देऊन अर्धवट बसवावें, परंतु पाय पसरलेलेच असावे. गर्भिणी स्त्रीस डाव्या कुशीवर निजवावें. उलटी होत असल्यास किंवा शुद्ध हरपल्यास कुशीवर. आणि कोणत्याही कारणानें त्यास एकदम उठवूं नये, उभें करूं नये, चालवूं नये. "बरें वाटतें ना, मग चल चार पावलें" हें वाक्य जीवघेणें आहे. वर सांगितलेल्या डॉ. पम्फ्री यांनींच २००३ सालीं असें दाखवून दिलें कीं, निजलेल्या रोग्यास उठवून बसविल्याबरोबर किंवा उभें केल्याबरोबर कांहीं जण क्षणार्धांत दगावले. पाटाचाच दृष्टांत पुन्हां घ्यावयाचा तर आधींच पाणी अपुरें, त्यांत टोंकाचा वाफा उंचावर नेऊन ठेविला, तर तेथें पाणी चढणार कसें? आमच्या सभासदांस खाटेवर बरें वाटलें तें निजल्यामुळें. मोटारसायकलीवर ताठ बसविण्यांत आलें तेव्हां तो आधारही गेला. असें केलें म्हणून त्या घरास दोष देण्याची आमची इच्छा नाहीं. त्यांनीं जें केलें तेंच तो दिवस उजाडेपर्यंत आम्हींही केलें असतें.

म्हणून १०८ क्रमांकास फोन करून, गाडी येण्यास किती वेळ लागेल हें विचारून घ्यावें. ही रुग्णवाहिकांची व्यवस्था आपल्या राज्यांत २०१४ पासून चालू आहे, व तिच्यांत औषध आणि डॉक्टर असतात. गाडी दूर असल्यास जीप, टेम्पो, पिकअप, जें मिळेल त्यांत गोणपाट अंथरून रोग्यास आडवाच न्यावा, व आपण निघालों असें रुग्णालयास आधीं कळवावें. मधमाशीचा कांटा कातडींत राहतो, गांधीलीचा सहसा राहत नाहीं. राहिलेला कांटा नखानें, चिमटीनें, कसाही पण तत्काळ काढावा. चिमटींत धरल्यानें विष आंत जातें म्हणून हळूहळू खरडून काढावा असा जो समज आहे तो १९९६ सालीं प्रयोगानें खोटा ठरला असून, उशीर हाच काय तो अपाय असें दिसून आलें आहे.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. दंश तेवढे सारखे असें समजून विंचवाच्या दंशासही ॲड्रेनलीन मागूं नये. लाल विंचवाच्या विषानें शरीरांतील हेंच द्रव्य व त्याच्या जातीचीं इतर द्रव्यें एकदम उसळतात आणि त्या उसळीनेंच हृदय थकतें. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीं कोंकणांतील रोग्यांवर वर्षानुवर्षें काम करून प्राझोसिन या गोळीची जी उपाययोजना रूढ केली ती या उसळीस आवरण्याकरितांच. एका दंशांत जें औषध तेंच दुसऱ्या दंशांत आगींत तेल. म्हणून काय डसलें हें पाहून ठेवणें, व तें डॉक्टरांस नीट सांगणें, हें पहिलें काम समजावें.

सर्पदंशाच्या बाबतींत मात्र या प्रकरणाचा संबंध निराळ्या वाटेनें येतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारींवर चालणारी जी प्रतिविषाची लस आपल्याकडे देतात ती घोड्याच्या रक्तापासून तयार होते, व परकें द्रव्य म्हणून ती कित्येकांस बाधते. लस चालू असतां रोग्यास खाज सुटली, गांधी उठल्या, थंडी वाजूं लागली कीं नातेवाईक "चुकीचें औषध दिलें" म्हणून हातघाईवर येतात, अशा हकीकती आमच्या कानीं आल्या आहेत. हें अज्ञान डॉक्टरांस भिववितें, आणि भ्यालेला डॉक्टर लस देण्याऐवजीं रोग्यास पुढच्या गांवीं धाडतो. खरी रीत अशी कीं लस क्षणभर थांबवावयाची, ॲड्रेनलीन टोचावयाचें, व रोगी सांवरल्यावर लस पुन्हां चालू करावयाची. आधीं थेंबभर टोचून बाधते कीं काय हें पाहण्याची जुनी चाल आतां टाकून देण्यांत आली आहे, कारण तिच्यावरून पुढचें कांहीं कळत नाहीं.

इतकें सांगून झाल्यावर आम्ही मूळ गाऱ्हाण्याकडे वळतों. ९ किलोमीटरांवर जें औषध होतें तें गांवांत कां नव्हतें? आणि खरोखर नव्हतें काय? आमच्या प्रत्येक उपकेंद्राची आरोग्यसेविका लसीकरणाच्या दिवशीं आपल्या पेटींत ॲड्रेनलीनची कुपी घेऊन येते. मुलास लस बाधली व असाच प्रक्षोभ झाला तर वयाच्या मानानें एक मात्रा मांडींत टोचून त्यास पुढें धाडावें, असें तिला शिकविलेलें असून तशी तिला मुभाही आहे. म्हणजे औषध आहे, टोचणारी आहे, शिक्षण आहे, वाहनाची सोय आहे. ज्या बाईस अडीच महिन्यांच्या अर्भकाच्या बाबतींत हा निर्णय घेण्यास सरकारनें लायक ठरविलें, तिला मळ्यावरच्या जाणत्या पुरुषाच्या बाबतींत तो कां घेतां येऊं नये? लसीनें उठलेली गांध आणि गांधीलीनें उठलेली गांध यांत शरीर भेद करीत नाहीं. भेद करितो तो कागद.

आमची मागणी अशी कीं, प्रत्येक उपकेंद्रांत हीं कुपी व सुई वर्षाचे बाराही महिने, लसीकरणाच्या दिवसापुरती नव्हे, तयार ठेवावी; आणि दंशानें, अन्नानें अथवा औषधानें उठलेल्या या संकटांत ती वापरण्याचा लेखी अधिकार आरोग्यसेविकेस व तेथील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यास निःसंदिग्ध शब्दांत द्यावा. खर्चाची सबब येथें चालणार नाहीं. कुपीची किंमत थोड्या रुपयांची आहे. तिला शीतपेटी लागत नाहीं. उन्हापासून व उजेडापासून जपावी, मुदत पाहावी, आणि औषधास तांबूस रंग आला कीं टाकून द्यावी, एवढीच तिची निगा. पाश्चात्त्य देशांत वावडें असलेले लोक हेंच औषध भरलेलें पेनासारखें यंत्र खिशांत बाळगतात. तें महाग असून आपल्याकडे सहजासहजीं मिळत नाहीं. पण यंत्र नाहीं म्हणून औषधच नाहीं असें समजण्याचें कारण नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, व तो कांहीं डॉक्टर मंडळींकडूनच येईल, कीं हें औषध हृदयास जाळणारें आहे. भलत्यास टोचलें तर उत्तर कोणीं द्यावयाचें? भीति खोटी नाहीं, पण ती शिरेंतून दिलेल्या औषधाविषयींची आहे. शिरेंतून, किंवा प्रमाणाबाहेर दिल्यास तें खरोखर घातक होतें. मांडीच्या स्नायूंत योग्य मात्रेनें दिलें असतां छाती धडधडते, हात कांपतात, तोंड पांढरें पडतें, आणि थोड्या वेळांत तें ओसरतें. वयस्क मनुष्यास, हृदयाच्या रोग्यासही, या संकटांत तें नाकारूं नये असेंच आजचें वैद्यक सांगतें. न देतां गेलेल्या माणसाचें उत्तर कोणी मागत नाहीं, देऊन कांहीं झालें तर सारे मागतात, ही खरी अडचण आहे. आणि ती लेखी अधिकारानेंच दूर होईल.

सरकारनें करावयाचें तें सांगितलें; आतां घरचें. ज्या सभासदांस पूर्वीं एकदां दंशानें, शेंगदाण्यानें, कोळंबीनें, दुखण्यावरील एखाद्या गोळीनें किंवा सुईनें अंगभर प्रकार झाला असेल, त्यांनीं तो गांवच्या डॉक्टरांस सांगून वहींत लिहवून घ्यावा, तशी चिठी खिशांत बाळगावी, आणि कुपी व सुई घरीं ठेवून घरच्यांपैकीं एकास शिकवितां येईल काय, हें त्यांसच विचारावें. रक्तदाबाच्या कांहीं जातींच्या गोळ्या घेणारांत हा प्रकार अधिक उग्र होतो व औषधास कमी दाद देतो. त्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवाव्या, पण आपण होऊन बंद करूं नयेत. रोगी एकदां सांवरला म्हणून लगेच घरीं आणण्याची घाई नको. कांहीं तासांनीं तोच प्रकार पुन्हां उलटूं शकतो, म्हणून तो दिवस व ती रात्र रुग्णालयांत काढणें शहाणपणाचें. डाळिंब, सूर्यफूल, कांदा-बियाणें यांसाठीं ज्यांच्या शेतांत मधपेट्या आणून ठेवितात त्यांनीं मजुरांस कामावर घेतांनाच पूर्वींच्या दंशाविषयीं विचारून घ्यावें. खुरपणीस येणारी बाई हें आपण होऊन सांगणार नाहीं, कारण तिला रोज बुडण्याची भीति असते. स्टार्टरच्या पेटीचीं वायरींचीं भोंकें बुजवावीं व झांकण उघडण्यापूर्वीं दुरून नजर टाकावी, हें तर आतां सांगावयास नकोच.

येत्या वार्षिक सभेंत उपकेंद्रांसंबंधीं वरील मागणीचा ठराव आम्ही मांडणार आहों, व तो जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्याकडे धाडूं. परंतु मंडळाच्या एका ठरावानें हलणारें हें काम नाहीं. प्रत्येक वाचकानें आपल्या उपकेंद्रांत जाऊन दोन प्रश्न विचारावे: ॲड्रेनलीनची कुपी आज येथें आहे काय, आणि गांधील चावून माणूस पडला तर ती आपण टोचाल काय? जीं उत्तरें मिळतील तीं महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेंत वाचून दाखवावीं व आम्हांसही पत्रानें कळवावीं. जशीं येतील तशीं, गांवाच्या नांवासह, आम्ही तीं पुढील अंकांतून छापीत जाऊं.